वीस टप्प्यांसाठी बत्तीस ट्रे का लागतात?

साखर कारखान्याच्या आवारात धुराड्याच्या खालोखाल उंच दिसतो तो डिस्टिलरीचा कॉलम. बाहेरून नुसतं स्टीलचं नळकांडं. आत मात्र ठरावीक अंतरावर एकावर एक आडव्या बसवलेल्या प्लेटा, म्हणजेच ट्रे. खालून वाफ चढते, वरून द्रव उतरतो आणि प्रत्येक ट्रेवर दोघांची गाठ पडते. या गाठीत अल्कोहोल वाफेकडे जातं आणि पाणी द्रवाकडे. डिझाइनचं गणित सांगतं, या कामाला वीस टप्पे पुरे. प्रत्यक्षात मॅनहोल उघडून मोजावेत तर ट्रे निघतात बत्तीस. जास्तीचे ट्रे कुठून आले, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ट्रे एफिशियन्सी, मराठीत ट्रेची कार्यक्षमता.

इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात हा विषय बहुतेक वेळा एका भागाकारात उरकतो. गणिताने आलेले टप्पे भागिले प्रत्यक्षातले ट्रे, गुणिले शंभर. मग नोकरीला लागल्यावर कुणीतरी सांगतं, ‘आपल्या कॉलमची एफिशियन्सी साठ टक्के धरायची,’ आणि तो आकडा वर्षानुवर्षं तसाच वापरला जातो. माझं म्हणणं असं की या आकड्याला असं गोठवून ठेवणं हीच मोठी चूक आहे. ट्रे विकत घेताना त्याच्यासोबत कार्यक्षमता मिळत नसते. त्यावरून कोणता द्रव वाहतोय, किती वाफ चढतेय, ट्रे समपातळीत आहे का, भोकं मोकळी आहेत का, यावर ती ठरते आणि चालू कॉलममध्ये महिन्यागणिक बदलू शकते.

आधी आदर्श टप्पा म्हणजे काय ते पाहू

अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, ७८.४ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी १०० अंशांना. दोघांचं मिश्रण उकळलं की निघणाऱ्या वाफेत अल्कोहोलचं प्रमाण द्रवापेक्षा जास्त असतं. वाफ आणि द्रव एकमेकांच्या संपर्कात पुरेसा वेळ राहिले, की अशी स्थिती येते की त्यापुढे कुणाचंच प्रमाण बदलत नाही. हा समतोल. ज्या ट्रेवरून निघणारी वाफ आणि निघणारा द्रव बरोबर या समतोलात असतात, तो आदर्श टप्पा.

आंबवलेल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ केलेली मळी आंबवून तयार झालेल्या द्रवात, घनफळाने दहा टक्के अल्कोहोल आहे असं धरा. एका आदर्श टप्प्यात त्यातून निघणारी वाफ थंड केली तर पन्नास टक्क्यांच्या पुढचं अल्कोहोल मिळेल. एका उडीत दहावरून पन्नास! पण द्रव ९२ टक्क्यांच्या आसपास पोचला की तसाच आदर्श टप्पा जेमतेम एका टक्क्याची भर घालतो. आणि घनफळाने ९७ टक्क्यांच्या जवळ तर वाफ आणि द्रव दोघांत प्रमाण सारखंच होतं. तिथे साधं ऊर्ध्वपातन थांबतं, कितीही ट्रे लावा. म्हणूनच पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमधलं शेवटचं पाणी काढायला मॉलिक्युलर सिव्ह, म्हणजे पाण्याचे रेणू धरून ठेवणारे सच्छिद्र दाणे, वापरतात.

या उतरत्या भाजणीकडे लक्ष द्या, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी तिच्यावर टेकलेल्या आहेत. तळाशी एखादा ट्रे नीट काम करत नसेल तर फारसं बिघडत नाही, तिथे उड्या मोठ्या आहेत. रेक्टिफायरच्या, म्हणजे अल्कोहोल तीव्र करणाऱ्या पुढच्या कॉलमच्या, वरच्या भागात मात्र ट्रेला मुळातच मिळतो अर्धा-एक टक्का, आणि त्यातलाही तिसरा हिस्सा गळाला तर तोटा भरून काढायला आणखी किती तरी ट्रे लागतात.

आता शीर्षकातला हिशेब. वीस आदर्श टप्प्यांतला एक टप्पा म्हणजे तळाचा द्रव उकळून वाफ करणारा रिबॉयलर. तो कॉलमच्या बाहेर असतो आणि साधारणपणे त्याला पूर्ण एक टप्पा मानतात. उरले एकोणीस. एकूण कार्यक्षमता ६० टक्के धरली तर १९ भागिले ०.६, म्हणजे ३१.७, अर्धवट ट्रे बसवता येत नाही, म्हणून ३२. रिबॉयलर वजा न करता वीसला भागलं तर ३४ येतात. ही चूक परीक्षेत तर होतेच, पण मी ती छापील टेंडरांतही पाहिली आहे. कार्यक्षमता ५० टक्क्यांवर आली तर हेच ट्रे ३८ होतात. दोन ट्रेंमध्ये अर्धा मीटर अंतर असेल तर कॉलम तीन मीटरनं वाढला. त्याचं स्टील, पाया, पाइपिंग सगळं त्यात आलं.

ट्रेवर नेमकं काय चालतं

साधा सिव्ह ट्रे घ्या. पत्र्याला काही मिलिमीटर व्यासाची शेकडो भोकं पाडलेली. वरच्या ट्रेवरचा द्रव बाजूच्या डाउनकमरमधून एका कडेला उतरतो, ट्रेवरून आडवा वाहत जातो आणि दुसऱ्या कडेच्या वेअरवरून, म्हणजे साधारण दोन इंचांच्या आडव्या पट्टीवरून, उडी मारून पुढच्या डाउनकमरमध्ये पडतो. हा द्रव भोकांतून खाली का गळत नाही? खालून जोरात येणारी वाफ त्याला तोलून धरते म्हणून. काचेच्या कॉलमवर हे डोळ्यांनी पाहायला मिळतं: ट्रेवर शांत पाणी नसतंच, खळाळणारा फेस असतो, द्रवाच्या मूळ उंचीच्या कितीतरी पट उंच. वाफ या फेसातून सेकंदाच्या काही अंशात वर निघून जाते.

तेवढ्या वेळात खूप काही व्हावं लागतं. बुडबुड्याच्या आतलं पाणी पृष्ठभागापर्यंत सरकलं पाहिजे, द्रवातलं अल्कोहोल आतून पृष्ठभागाकडे आलं पाहिजे, आणि दोघांनी जागा बदलली पाहिजे. बुडबुडा लहान असेल तर पृष्ठभाग जास्त आणि देवघेव चटकन होते. मोठे बुडबुडे किंवा वाफेचे सरळ फवारे असतील तर मधली वाफ द्रवाला न शिवताच वर जाते. समतोल गाठायच्या आत भेट संपते. कार्यक्षमता शंभराच्या खाली येते ती मुख्यतः याच कारणानं.

द्रवाचा स्वभावही इथे आडवा येतो. द्रव घट्ट असेल, म्हणजे त्याची श्यानता जास्त असेल, तर त्यातले रेणू पृष्ठभागाकडे हळू सरकतात. आणि दोन घटकांच्या बाष्पशीलतेत, म्हणजे वाफ होऊन उडण्याच्या ओढीत, फरक फार असेल तरीही कार्यक्षमता घटते. हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं, कारण फरक जास्त तर वेगळं करणं सोपं असायला हवं. सोपं असतंच. पण अशा वेळी समतोल गाठायला द्रवातून फार मोठ्या प्रमाणात माल उचलून वाफेत न्यावा लागतो, आणि द्रवाच्या बाजूचा अडथळा आडवा पडतो. लक्ष्यच इतकं दूर असतं की त्या क्षणभराच्या भेटीत त्याचा मोठा वाटा गाठता येत नाही.

ओ’कॉनेल यांनी १९४६ साली या दोन गोष्टींचा गुणाकार करून चालू कारखान्यांतल्या कॉलमांचे आकडे एका वक्रावर मांडले. सापेक्ष बाष्पशीलता (दोन घटकांच्या बाष्पशीलतेचं गुणोत्तर) गुणिले द्रवाची श्यानता, सेंटिपॉइज या एककात. हा गुणाकार ०.१ असेल तर एकूण कार्यक्षमता साधारण ८६ टक्के, १ असेल तर ४९, आणि १० असेल तर २८. इतकी साधी रीत, तरी ऐंशी वर्षांनंतर आजही प्राथमिक डिझाइनला तीच हाताशी घेतली जाते. प्रोपिलीन आणि प्रोपेन वेगळे करणाऱ्या कॉलममध्ये द्रव अतिशय पातळ आणि बाष्पशीलता जवळजवळ सारखी, म्हणून तिथले ट्रे नव्वदीच्या आसपास काम करतात. उलट जड तेलात वायू शोषून घेणाऱ्या कॉलममध्ये वीस टक्केही मिळाले तरी त्यात बिघाड काही नसतो. तेव्हा ‘चांगली कार्यक्षमता किती?’ असं मोघम विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या मिश्रणासाठी, हे आधी सांगावं लागतं.

कार्यक्षमता एक नाही, तीन आहेत

चर्चेत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एक जण एका कार्यक्षमतेबद्दल बोलतो, दुसरा दुसरीबद्दल, आणि दोघेही बरोबर असून भांडतात.

पहिली, एकूण कार्यक्षमता. वर केला तो भागाकार. अख्ख्या कॉलमला एकच आकडा. खर्चाच्या अंदाजाला उत्तम, पण कोणता ट्रे आजारी आहे ते ती सांगत नाही.

दुसरी, मर्फ्री कार्यक्षमता. ई. व्ही. मर्फ्री या अमेरिकन अभियंत्यानं १९२५ मध्ये ती मांडली. मॅकेब आणि थील यांची पायऱ्या मोजण्याची प्रसिद्ध आलेख-पद्धतही त्याच वर्षीची. पुढे कच्च्या तेलाच्या जड भागापासून पेट्रोल काढणारी फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकिंगची प्रक्रिया ज्यांनी उभी केली त्यांतही मर्फ्री होते. त्यांची कल्पना एका ट्रेपुरती आहे. ट्रेमध्ये शिरणारी वाफ किती समृद्ध होती, निघताना किती झाली, आणि त्या ट्रेवरून निघणाऱ्या द्रवाशी पूर्ण समतोल साधला असता तर किती झाली असती. प्रत्यक्ष वाढ भागिले शक्य असलेली वाढ.

आकड्यांत पाहू. एका ट्रेवरून निघणाऱ्या द्रवात मोलच्या, म्हणजे रेणूंच्या संख्येच्या, हिशेबानं ५०.८ टक्के अल्कोहोल आहे. याच्याशी समतोलात असणाऱ्या वाफेत ६५.६ टक्के असतं, हे अल्कोहोल-पाण्याच्या तक्त्यांत मिळतं. खालून येणारी वाफ ५६ टक्क्यांची आहे आणि नमुना घेतल्यावर कळलं की वर जाणारी वाफ ६२ टक्क्यांची आहे. शक्य वाढ ९.६, झालेली वाढ ६. म्हणजे मर्फ्री कार्यक्षमता साधारण ६२ टक्के. मॅकेब-थील आलेखावर हेच करायचं तर समतोलाच्या वक्राखाली, कार्यरेषेपासूनच्या (दोन ट्रेंमधून चढणारी वाफ आणि उतरणारा द्रव यांचं नातं दाखवणाऱ्या रेषेपासूनच्या) उंचीच्या ६२ टक्क्यांवर, दुसरा वक्र काढायचा आणि पायऱ्या त्याला टेकवायच्या. मग येणारी संख्या थेट खऱ्या ट्रेंची असते.

तिसरी, बिंदू कार्यक्षमता. ट्रेवरच्या एखाद्या ठिकाणी, भोकाच्या वरच्या चिमूटभर जागेत, वाफ आणि तिथलाच द्रव यांच्यात किती देवघेव झाली ती. ही शंभरच्या वर कधीच जाऊ शकत नाही, कारण त्या जागच्या द्रवाशी समतोल हीच तिची कमाल.

मर्फ्री मात्र शंभर ओलांडू शकते. हे वाचून बरेच जण कागद बाजूला ठेवतात, पण यात काही जादू नाही. मोठ्या व्यासाच्या ट्रेवर द्रव एका कडेनं शिरतो आणि वाहता वाहता त्यातलं अल्कोहोल कमी होत जातं. शिरणाऱ्या कडेला तो समृद्ध, निघणाऱ्या कडेला गरीब. वाफ मात्र सगळ्या ट्रेभर वर येते, आणि शिरणाऱ्या कडेची वाफ त्या समृद्ध द्रवाला भेटते. साऱ्या ट्रेवरची सरासरी वाफ घेतली तर ती निघणाऱ्या गरीब द्रवाच्या समतोलाहूनही वरचढ ठरू शकते. मर्फ्रीच्या व्याख्येत तुलना निघणाऱ्या द्रवाशी आहे, म्हणून आकडा शंभराच्या पलीकडे जातो.

एमआयटीचे डब्ल्यू. के. लुईस यांनी १९३६ मध्ये याचं गणित दिलं. द्रव ट्रेवर मागे-पुढे न मिसळता सरळ वाहतोय आणि समतोल-रेषा व कार्यरेषेचा उतार सारखा आहे असं धरलं, तर ७० टक्के बिंदू कार्यक्षमतेतून मर्फ्री १०१ टक्के येते आणि ८० टक्क्यांतून १२३. खऱ्या ट्रेवर द्रव थोडाफार मिसळतोच, त्यामुळे एवढा फायदा मिळत नाही. पण यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. प्रयोगशाळेतल्या वीतभर व्यासाच्या कॉलममध्ये ट्रेवरचा द्रव पूर्ण मिसळलेला असतो आणि तिथे बिंदू कार्यक्षमता आणि मर्फ्री जवळजवळ एकच. तीच रचना तीन मीटर व्यासावर नेली तर, बाकी सगळं नीट असल्यास, द्रवाच्या लांबच्या प्रवासाचा लाभ मिळून कार्यक्षमता वाढते. लहान कॉलमचा आकडा मोठ्याला जसाच्या तसा चिकटवणं म्हणून चुकीचं.

वाफ जास्त, वाफ कमी

वाफेचा वेग फार वाढला की ती द्रवाचे थेंब उचलून वरच्या ट्रेवर नेते. याला एन्ट्रेनमेंट म्हणतात. खालचा, कमी अल्कोहोलचा द्रव वरच्या समृद्ध द्रवात जाऊन मिसळला म्हणजे कमावलेलं वेगळेपण पुसलं गेलं. कोलबर्न यांचं १९३६ चं सूत्र लावून बघा. ट्रेची कोरडी, म्हणजे थेंब उडत नसतानाची, कार्यक्षमता ७० टक्के असताना उतरणाऱ्या द्रवातला दहावा हिस्सा असा उडून वर जात असेल तर ती ६५ वर येते. तीस टक्के जात असेल तर ५४. म्हणजे थोडंसं उडणं परवडतं, पण पूर येण्याच्या उंबरठ्यावर, ज्याला फ्लडिंग म्हणतात, घसरण वेगानं होते.

उलट वाफ कमी पडली तर द्रवाला तोलणारं कुणी उरत नाही आणि तो भोकांतून खाली ठिबकतो. हे वीपिंग. शिरणाऱ्या कडेला गळालेला द्रव ट्रे ओलांडायच्या आधीच खाली गेला, म्हणून तो सगळ्यात नुकसानकारक. थोडं गळणं कार्यक्षमतेला फारसं जाणवत नाही. पण डिस्टिलरी अर्ध्या भारावर चालवायची वेळ आली, मळीचा तुटवडा असला किंवा स्टीम दुसरीकडे वळवली असली, की सिव्ह ट्रेचा कॉलम हमखास दगा देतो. व्हॉल्व्ह ट्रेमध्ये वाफेच्या जोरानुसार झाकणं वर-खाली होतात, त्यामुळे कमी भारावरही ते टिकाव धरतात. जुन्या बबल कॅप ट्रेमध्ये तर वाफ उभ्या नळीतून येते, म्हणून द्रव गळायला वावच कमी. बबल कॅप महाग पडतात म्हणून मागे पडले, पण या एका गुणासाठी मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

ट्रे तिरपा असणं हे कारण मात्र फार दुर्लक्षित राहतं. दोन-तीन मीटर रुंद ट्रेची एक बाजू काही मिलिमीटर खाली असली की द्रव तिकडे साचतो, वाफ उथळ बाजूनं पळते आणि दोघांची भेटच होत नाही. एका बाजूला गळती, दुसऱ्या बाजूला फवारे, दोन्ही एकाच ट्रेवर. शटडाउनमध्ये मॅनहोलमधून आत शिरलेला माणूस बॅटरीच्या उजेडात तुटलेले बोल्ट आणि उडालेली झाकणं बघतो. पाण्याची नळी घेऊन लेव्हल तपासायला बहुतेकांना वेळ नसतो. तो वेळ काढावा.

मळीच्या डिस्टिलरीला आणखी एक त्रास आहे, खपलीचा. साखर करताना रसात चुना आणि सल्फर डायऑक्साइड वापरतात. त्यातलं कॅल्शियम मळीत उतरतं आणि मॅश कॉलममध्ये, म्हणजे वॉश पहिल्यांदा जातो त्या कॉलममध्ये, कॅल्शियम सल्फेट होऊन ट्रेवर बसतं. या क्षाराची गंमत अशी की गरम पाण्यात तो जास्त विरघळण्याऐवजी कमी विरघळतो, त्यामुळे जिथे तापमान जास्त तिथे थर जास्त. भोकं अरुंद होतात, दाब वाढतो, काही भोकं बुजतात आणि उरलेल्यांतून वाफ फवाऱ्यासारखी उसळते. हंगामाच्या सुरुवातीला ठीक चाललेला कॉलम शेवटाकडे का रुसतो, याचं उत्तर पुष्कळदा या पांढुरक्या थरात असतं. मॅश कॉलम निर्वात दाबाखाली, कमी तापमानाला चालवण्याची पद्धत आली त्यामागे स्टीमची बचत हे एक कारण आहे, खपली कमी होणं हे दुसरं.

कार्यक्षमता घसरली की स्टीम भरते दंड

चालू कॉलममध्ये ट्रे वाढवता येत नाहीत. मग शुद्धता टिकवायला ऑपरेटर काय करतो? रिफ्लक्स वाढवतो. वरून थंड करून घेतलेल्या मालातला जास्त हिस्सा परत कॉलममध्ये सोडतो. समजा आधी एक किलो मालामागे तीन किलो रिफ्लक्स होता, म्हणजे एकूण चार किलो वाफ वर येत होती. रिफ्लक्स साडेतीन केला तर साडेचार किलो वाफ लागेल. साडेबारा टक्के वाफ वाढली आणि रिबॉयलरची स्टीमही जवळपास त्याच प्रमाणात वाढली. लॅबच्या रिपोर्टमध्ये स्पिरिट तेवढंच शुद्ध, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बॉयलरवर बगॅस जास्त जळतो, एवढंच.

आणि वाफ वाढली म्हणून थेंब उडणं वाढतं, कार्यक्षमता आणखी घसरते, मग आणखी रिफ्लक्स. फ्लडिंगच्या जवळ चालणाऱ्या कॉलममध्ये हे चक्र फार लवकर फिरतं. अशा वेळी रिफ्लक्स वाढवण्याऐवजी फीड थोडं कमी केल्यानं शुद्धता सुधारते, हे नव्या ऑपरेटरला पटवणं कठीण जातं. पण कारण वरच्याच परिच्छेदांत आहे.

ट्रेला दोष देण्याआधी

कमी कार्यक्षमतेचा शिक्का बसलेल्या कॉलममध्ये काही वेळा ट्रे अगदी निरोगी असतात. रेक्टिफायरमधलं फ्युजेल ऑइल, म्हणजे आंबवताना इथेनॉलसोबत तयार होणारी जड अल्कोहोलं, घ्या. आयसोअमाइल अल्कोहोलसारखे जड घटक पाणी जास्त असलेल्या भागात इथेनॉलपेक्षा सहज उडतात, आणि इथेनॉल जास्त असलेल्या भागात त्याच्यापेक्षा कमी. म्हणजे खालून वर ढकलले जातात आणि वरून खाली. कॉलमच्या मधल्या ट्रेंवर ते अडकून साठत राहतात. तिथून ते नियमित काढून घेतले नाहीत तर साठा फुगतो, मधल्या ट्रेंचं तापमान विस्कटतं आणि शेवटी स्पिरिटमध्ये वास उतरतो. हा दोष ट्रेचा नाही, काढून घेण्याच्या व्हॉल्व्हचा.

दुसरा चकवा समतोलाच्या आकडेवारीचा. आदर्श टप्पे किती, हे आपण मोजत नसतो, गणितानं काढतो. त्या गणितातली बाष्पशीलता चुकीची असेल तर चूक गुपचूप कार्यक्षमतेच्या आकड्यात जाऊन बसते. अल्कोहोल-पाण्याच्या खालच्या भागात याचा फटका कमी बसतो, पण प्रोपिलीन-प्रोपेनसारख्या जोडीत तो जबर असतो. फेन्स्के यांच्या १९३२ च्या सूत्रात टप्प्यांची संख्या बाष्पशीलतेच्या लॉगॅरिदमच्या व्यस्त प्रमाणात असते. सापेक्ष बाष्पशीलता १.१० धरून १०० टप्पे येत असतील तर १.१२ धरल्यावर ८४ येतात. मूळ आकड्यात दोन टक्क्यांहून कमी फरक, पण कॉलममध्ये ११० ट्रे असतील तर कार्यक्षमता एका हिशेबानं ९१ टक्के आणि दुसऱ्यानं ७६. ट्रे तेच, वाफ तीच. म्हणून कुणी कार्यक्षमतेचा आकडा सांगितला की तो कोणत्या समतोल-मॉडेलवर काढला आहे ते विचारायलाच हवं. ज्या मॉडेलवर आकडा काढला त्याच मॉडेलवर तो वापरला, तर चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खातात. एका मॉडेलचा आकडा दुसऱ्यात घातला की त्या चुका उघड्या पडतात.

चालू कॉलममध्ये मोजायचं कसं

कॉलम काही तास स्थिर चालू द्यायचा. फीड, माल, तळाचं पाणी यांचे प्रवाह आणि नमुने एकाच वेळी घ्यायचे. आत गेलेलं अल्कोहोल आणि बाहेर आलेलं अल्कोहोल यांचा ताळा आधी जमवायचा; तो दोन-तीन टक्क्यांतही जुळत नसेल तर पुढचं गणित करू नये, मीटर तपासावेत. गरम ट्रेवरून घेतलेला नमुना बाहेर येताना उडून बदलतो, म्हणून तो थंड करूनच बाटलीत घ्यायचा. मग संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये कार्यक्षमता कमी-जास्त करत मोजलेली शुद्धता आणि प्रत्येक ट्रेचं तापमान जुळेपर्यंत जायचं. वरच्या आणि खालच्या भागाला वेगवेगळे आकडे लागतात असं दिसलं तर त्यात काही गैर नाही, बहुधा तेच खरं असतं.

दाबातला फरक ही सगळ्यात स्वस्त खूण. खालच्या आणि वरच्या दाबातला फरक नेहमीपेक्षा चढला आणि अस्थिर झाला तर फ्लडिंग, खपली किंवा फेस. कमी झाला आणि शुद्धताही गेली तर वीपिंग किंवा निखळलेला ट्रे. एवढ्यावर निदान होत नसेल तर गॅमा स्कॅनिंग करतात: कॉलमच्या एका बाजूनं किरणोत्सारी स्रोत आणि समोरून डिटेक्टर एकाच पातळीत खाली सोडत जायचे. जिथे द्रव जास्त तिथे किरण जास्त शोषले जातात. ट्रेगणिक आलेख मिळतो आणि कुठे फेस वरच्या ट्रेला भिडलाय, कुठे ट्रे जागेवरच नाही, हे कॉलम बंद न करता कळतं. नवी मुंबईत वाशीला मुख्यालय असलेलं अणुऊर्जा विभागाचं ब्रिट (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) ही सेवा उद्योगांना देतं.

यातलं काहीही करायचं तर तुलनेला काहीतरी हवं. नवा किंवा साफ केलेला कॉलम सुरू झाला की पहिल्या आठवड्यातच पूर्ण भारावर आणि अर्ध्या भारावर दाबातला फरक, ट्रेंची तापमानं, रिफ्लक्स आणि स्टीम यांची नोंद करून ठेवावी. सहा महिन्यांनी कुणी ‘एफिशियन्सी गेली’ म्हणालं तर किती गेली आणि कोणत्या ट्रेपासून गेली, ते त्या पानाशेजारी आजचे आकडे ठेवून सांगता येतं.